मी यांना व्यक्तिशः ओळखतो

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी खात्रीसाहेबांनी नोकरीच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा एकही प्रश्न न विचारता शिक्का मारला. ज्या व्यक्तीसाठी मारला ती त्यांची बायको होती, त्यामुळे आपण काही वावगं करतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

खात्रीसाहेब नोंदणी कचेरीत तीन नंबरच्या खिडकीमागे बसत. त्यांचं काम एका वाक्याचं होतं. घर विकणारा, लग्न नोंदवणारा, मृत्युपत्र करणारा, जो कोणी समोर येईल त्याच्या कागदावर ‘मी यांना व्यक्तिशः ओळखतो’ असं लिहायचं आणि खाली सही-शिक्का करायचा. शेजारच्या खिडक्यांत हे वाक्य माणूस खुर्चीत टेकायच्या आत लिहून होई. खात्रीसाहेब मात्र ओळखल्याशिवाय ओळखतो म्हणत नसत. तुमच्या जिन्याला पायऱ्या किती, शेजारी कोण खोकतं, शेवटचं भांडण कशावरून झालं, असले प्रश्न ते विचारत आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या कानांकडे बघत बसत. एका गृहस्थांना त्यांनी पायऱ्या मोजायला परत घरी पाठवलं होतं. ते मोजून आले तोवर घर विकायचा विचारच त्यांनी सोडून दिला होता.

प्रत्येक खिडकीच्या रजिस्टरात उजवीकडे एक लाल रकाना असे. दिलेली साक्ष पुढे खोटी निघाली तर शेरा तिथे पडायचा. इतरांच्या रजिस्टरांत हा रकाना भरगच्च होता, आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. खात्रीसाहेबांचा एकतीस वर्षं कोरा होता. नवीन कारकून आला की त्याला पाण्याची टाकी, हजेरीपट आणि खात्रीसाहेबांचा लाल रकाना या तीन गोष्टी दाखवत. हा रकाना कोरा ठेवून घरी जायचं, याखेरीज खात्रीसाहेबांना आयुष्याकडून आता काही नको होतं.

मध्यंतरी घरोघरी प्रतिनिधी झाले होते. प्रतिनिधी म्हणजे माणूस नव्हे. फोनमध्ये, दुकानाच्या गल्ल्यात किंवा लिफ्टच्या पेटीत राहून मालकाच्या वतीने बोलणारा, वेळा ठरवणारा, अर्ज करणारा आणि न विचारता बरंच काही उरकून टाकणारा संगणकी कारभारी. माणसांनी माणसांशी बोलायची कामं आता त्यांचे प्रतिनिधी आपसात बोलून मिटवत. अडचण एवढीच होती, की कोणता प्रतिनिधी कोणाचा हे कळायला मार्ग नव्हता. भलत्याच कुणाच्या प्रतिनिधीने एका मुलीचं नाव शाळेतून काढून दुसऱ्या शाळेत घातलं, आणि हे आईबापांना तीन दिवसांनी समजलं. तेव्हा हुकूम निघाला, की प्रत्येक प्रतिनिधीसाठी एका हाडामांसाच्या माणसाने साक्ष द्यावी: ‘याला नेमणाऱ्यास मी व्यक्तिशः ओळखतो.’

या हुकमाला सातवं कलम होतं. एकदा साक्ष मिळालेला प्रतिनिधी आपल्या ओळखीच्या प्रतिनिधींची ओळख पुढे देऊ शकेल, आणि त्यांच्या नावापुढे मूळ साक्षीदाराचंच नाव लागेल, असं त्यात होतं. हे कलम कोणी वाचलं नव्हतं. लिहिणाऱ्यांनीही वाचलं असेल असं दिसत नव्हतं.

तर गुरुवारी अकरा दहाला खिडकीतल्या पडद्यावर एक अर्ज उमटला. अर्जदार आपल्याच बायकोचा प्रतिनिधी आहे हे खात्रीसाहेबांनी वाचलं. बायकोला काय विचारायचं, असं मनाशी म्हणून त्यांनी शिक्का दाबला आणि चष्मा पुसला. चष्म्यासकट सगळ्याला मिळून चाळीस सेकंद लागले.

शुक्रवारी दुपारी टपालबाई फायलींचा गठ्ठा घेऊन आल्या. त्या आवक-जावक बघत, आणि कचेरीत कुठे काय शिजतंय ते त्यांना पाकिटाच्या जाडीवरून कळे.

“साहेब, तुमचं खातं फुगलंय.”

“कशानं?”

“ओळखींनी. काल संध्याकाळी बावन्न होत्या. सकाळी तीनशे. आता मी वर येईपर्यंत सहाशे तेरा.”

“मी कालपासून फक्त दोघांना ओळखलंय. एक विहीरवाला आणि एक विधवा.”

“आणि एक तुमची बायको,” टपालबाई म्हणाल्या. “तिच्या प्रतिनिधीने पुढच्या ओळखी दिल्यात. सातवं कलम. तुमच्या घरी माणसांचा राबता फार दिसतो.”

“माझ्या घरी कुणी येत नाही.”

“मग जात असतील कुणीतरी.”

खात्रीसाहेब जागेवरून उठले. खाली जाऊन मुख्य नोंदवही बघावी म्हणून ते लिफ्टपाशी गेले. दार उघडलं आणि आतून मऊ आवाज आला, “नमस्कार साहेब. आपण मला व्यक्तिशः ओळखता.”

एकवीस वर्षं ते या लिफ्टने जात होते. आजवर तिने त्यांना मजल्याखेरीज काही सांगितलं नव्हतं. ते जिन्याने उतरले. खालच्या औषधाच्या दुकानासमोरून जाताना गल्ल्यावरचा पडदा उजळला. “साहेब, गुडघ्याच्या गोळ्या उद्या संपतील. काढून ठेवल्यात.”

“तुला कसं कळलं?”

“आपली ओळख आहे ना.”

दुकानदार मान खाली घालून पेपर वाचत होता. तो वर बघेल म्हणून खात्रीसाहेब जरा थांबले. त्याने पान उलटलं.

नोंदवहीत खरोखरच सहाशे तेरा नावं होती. पहिलं बायकोच्या प्रतिनिधीचं. बाकी सहाशे बारांत एक निवृत्त जहाजी, एक न्यायाधीश, दोन दंतवैद्य, एक पोहायला शिकवणारी बाई, कचेरीच्या लिफ्टची देखभाल करणारा मिस्त्री आणि औषधाचा दुकानदार अशा माणसांचे प्रतिनिधी होते. प्रत्येकापुढे एकच वाक्य होतं आणि त्याखाली खात्रीसाहेबांचं नाव.

“रद्द करून टाका की,” ते वर परतल्यावर टपालबाईंनी सुचवलं.

“रद्द करताना कारण द्यावं लागतं.”

“मग द्या.”

“एकच कारण छापलेलं आहे. ‘साक्ष खोटी होती.’ त्यावर खूण केली की शेरा लाल रकान्यात जातो. सहाशे तेरा शेरे. रकाना पुरणार नाही, जोडपत्र लावावं लागेल.”

“आणि नाही केलं तर?”

“मंगळवारी दोन वाजता तपासनीस येतेय.”

टपालबाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला. त्यांना खात्रीसाहेबांची काळजी वाटत होती, पण पुढे काय होतं याची उत्सुकता त्याहून जास्त होती. खात्रीसाहेबांनी कागदावर भागाकार मांडला. प्रत्येकी दोन मिनिटं, एकूण साडेवीस तास. आज दुपार, उद्याचा दिवस, सोमवार आणि मंगळवारची सकाळ.

“सगळ्यांना ओळखून घेतो,” ते म्हणाले.

“साहेब, माणसं आधी ओळखतात, मग लिहितात.”

“मी आधी लिहून बसलोय. आता ओळखतो. क्रम उलटा झाला, काम तेच.”

अशा रीतीने शुक्रवारी पावणेदोन वाजता, कानांवर फोनची पट्टी चढवून, खात्रीसाहेबांनी सहाशे बारा अनोळखी प्रतिनिधींना व्यक्तिशः ओळखायला सुरुवात केली. सहाशे तेराव्याला, म्हणजे यादीतल्या पहिल्याला, ओळखायचं काही कारण नव्हतं. ती बायको होती.

पहिला आला जहाजीचा प्रतिनिधी. आवाज घोगरा, अदबशीर.

“तुझा मालक कोण?”

“निवृत्त जहाजी. डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण इंच आखूड.”

“पाऊण इंच हे त्यांनी सांगितलं?”

“त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आपल्या पत्नींनी सांगितलं.”

खात्रीसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “माझी बायको जहाजीला कुठे भेटली?”

फोनवर नेहमी जी बारीक खरखर असते ती इथे नव्हती.

“ते मला सांगता येणार नाही, साहेब. आपण त्यांना व्यक्तिशः ओळखता. आपल्याला माहीत असेलच.”

“अर्थात,” खात्रीसाहेब म्हणाले, आणि घाईने पुढच्याला बोलावलं.

पुढची पोहायला शिकवणारी होती. तिचा उजवा खांदा खाली होता. न्यायाधीश एका वर्षात तीनदा बारीक झाले होते, आणि तिसऱ्या वेळी का, हे त्यांच्या घरी कोणाला माहीत नव्हतं. एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, ते तिने आईच्या आधी दुसऱ्याच कोणाला सांगितलं होतं. खात्रीसाहेब लिहून घेत होते. प्रत्येक वेळी गाडी थोडी पुढे गेली की त्याच वळणावर यायची, आणि निराळ्या आवाजात तेच वाक्य ऐकू यायचं: आपण त्यांना व्यक्तिशः ओळखता, आपल्याला माहीत असेलच.

शनिवारी दुपारी त्यांनी आपली टिपणं चाळली तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. प्रतिनिधींबद्दल जेमतेम पानभर मजकूर होता. उरलेली अकरा पानं बायकोबद्दल होती. ‘जहाजी तिला बाई म्हणतो.’ ‘दंतवैद्य तिला थांबायला लावत नाही, ती त्याला लावते.’ ‘मंगळवारी दोन ते पाच.’ मंगळवारी ती थोरल्या बहिणीकडे जाते हे त्यांना पक्कं माहीत होतं, कारण चार वर्षांपूर्वी तिने तसं एकदा सांगितलं होतं.

टेम्पो चालवणाऱ्या एकाचा प्रतिनिधी बोलका निघाला. “आमच्या मालकांचे विनोद तसे यथातथाच असतात, साहेब. पण आपल्या पत्नी फार हसतात. एकदा तर त्यांना खाली बसावं लागलं.”

“माझी बायको?”

“हो.”

“कशी हसते?”

“ध्वनिफीत आहे. ऐकवू शकेन, पण परवानगी लागेल.”

“कोणाची?”

“त्यांची.”

“मी नवरा आहे तिचा.”

“हो,” प्रतिनिधी म्हणाला. “तशी नोंद आहे.”

त्यानंतर खात्रीसाहेबांनी घोटभर पाणी प्यायला पट्टी काढली. पुन्हा चढवली तेव्हा नवा आवाज बोलत होता. “साहेब, आपण दमलात. मी पुढच्यांना दहा मिनिटं थांबायला सांगितलंय. तशी घाई कोणालाच नाही. आम्ही सगळे इथेच आहोत.”

त्यांनी मान वर करून कचेरीभर पाहिलं. शनिवारची अर्धी रिकामी कचेरी. चार टेबलांवरचे चार पडदे, दारावरची हजेरीची पेटी, भिंतीवरचं घड्याळ. कशावरही काही उमटलेलं नव्हतं. तरी त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली.

त्या संध्याकाळी घरी जेवताना ते बायकोकडे नेहमीपेक्षा जास्त बघत होते.

“काय झालं?” तिने विचारलं.

“कुठे काय.”

“मग माझ्या कानांकडे काय बघताय?”

विचारावं असं त्यांच्या फार मनात आलं. प्रश्न सोपा होता: मंगळवारी कुठे असतेस? पण त्यांनी तो नियमात बसवून पाहिला. विचारलं म्हणजे माहीत नव्हतं हे आलं. माहीत नव्हतं म्हणजे गुरुवारची साक्ष खोटी. ती खोटी म्हणजे तिच्या आधारावरच्या सहाशे बाराही खोट्या. तेव्हा रकाना कोरा ठेवायचा तर बायकोला काहीही विचारून चालणार नव्हतं. त्यांनी आणखी भात वाढून घेतला.

“भूक आहे आज,” बायको म्हणाली.

“काम फार आहे.”

“बरं,” ती म्हणाली, आणि दोघं रोजच्यासारखी शांतपणे जेवली.

मंगळवारी दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी खात्रीसाहेबांचा सहाशे बारावा प्रतिनिधी ओळखून झाला. आवाज बसला होता, पण मन हलकं होतं. दोन वाजता तपासनीस आली. पस्तिशीची, सडसडीत, हातात पातळ पिशवी. तिने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरची यादी वरून खाली सावकाश नेली.

“सहाशे बारा बरोबर आहेत,” ती म्हणाली.

खात्रीसाहेबांनी श्वास सोडला.

“पहिला शंकास्पद आहे.”

“पहिला? तो माझ्या बायकोचा आहे.”

“हो. चाळीस सेकंदांत शिक्का मारलाय. तुमची सरासरी सव्वीस मिनिटांची आहे, साहेब. विहीरवाल्याला तुम्ही तासभर बसवला होतात.”

“अहो, पण बायको आहे ती. सत्तावीस वर्षं झाली लग्नाला.”

“मी नातं विचारत नाही, ओळख विचारतेय. अर्जात नात्याचा रकानाच नाही.” तिने पिशवीतून बंद पाकीट काढलं. “तीन प्रश्न आहेत. उत्तरं त्यांच्या प्रतिनिधीने आधीच दिलीत, ती यात आहेत. तुमची जुळली की माझं काम संपलं. त्या चहात साखर किती घेतात?”

“दीड चमचा,” खात्रीसाहेब तात्काळ म्हणाले. आवक-जावकच्या टेबलामागे टपालबाईंनी समाधानाने मान हलवली.

तपासनिसाने पाकिटातली पहिली चिठ्ठी उघडली. “त्या चहा पीत नाहीत. सहा वर्षं झाली.”

“रोज सकाळी माझ्यासमोर बसून पिते.”

“समोर कप असतो,” तपासनिसाने चिठ्ठी वाचली. “तुम्ही पेपर उघडलात की त्या तो झाडाला घालतात.”

खात्रीसाहेबांना खिडकीतलं ते झाड आठवलं. गेली काही वर्षं ते विचित्र वाढत होतं.

“दुसरा. त्या बिछान्याच्या कोणत्या बाजूला झोपतात?”

“भिंतीकडच्या.” हे सांगताना मात्र आवाज आधीइतका ठाम नव्हता.

“तुमचा डोळा लागेपर्यंत भिंतीकडे. मग उठून बाहेरच्या खोलीत जातात, कारण तुम्ही घोरता. तुम्ही उठायच्या आधी दहा मिनिटं परत येऊन पडतात.” तिने चिठ्ठीची घडी घातली. “चार वर्षं. एकही खाडा नाही, असं तो म्हणतो.”

कचेरीत कोणी टंकत नव्हतं की कोणी खुर्ची सरकवत नव्हतं. हे वाक्य फक्त आपल्यालाच ऐकू आलं असेल असं धरून चालण्याची खात्रीसाहेबांनी खूप प्रयत्न केला. चार वर्षं रोज सकाळी जिच्या शेजारी त्यांना जाग येत होती, ती दहा मिनिटांपूर्वीच तिथे येऊन पडलेली असायची.

“तिसरा. मंगळवारी दुपारी दोन ते पाच, म्हणजे आत्ता, त्या कुठे असतात?”

“तिच्या बहिणीकडे,” खात्रीसाहेब अगदी हळू म्हणाले. आपलं उत्तर चूक आहे हे त्यांना देतानाच कळलं होतं.

“चौकापलीकडच्या लाँड्रीमागे एक खोली आहे. तिथे त्या कपडे आल्टर करून देतात. चार वर्षं झाली. गिऱ्हाइकं सहाशे बारा.” तपासनिसाने पाकीट मिटलं. “त्या सगळ्यांना त्या खरोखर ओळखतात, साहेब, त्यात शंका नाही. ही माझी बाहीसुद्धा त्यांनीच आखूड करून दिलीय. खरं तर हे प्रकरण मी घ्यायलाच नको होतं. पण आमच्या कचेरीतला दुसरा तपासनीस पण तिथेच जातो.”

“म्हणजे आता…”

“साखळी शाबूत आहे. ते सहाशे बारा त्यांच्यामुळे खरे आहेत, तुमच्यामुळे नाहीत. तुमचं नाव काढून सगळी यादी थेट त्यांच्या नावाखाली लावली तरी कुठे फट राहत नाही. मी करून पाहिलं.” तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. सहाशे बारा नावांवरून खात्रीसाहेबांचं नाव गेलं होतं, आणि ते तिथे कधी होतं असं वाटतही नव्हतं. “प्रश्न फक्त तुमच्या एका शेऱ्याचा उरतो.”

“त्याला काही उपाय?”

“एक आहे. पाच वाजेपर्यंत त्यांनी स्वतः सांगितलं, की हे मला ओळखतात, तर शेरा लागणार नाही.”

“तिच्या प्रतिनिधीने सांगितलं तर?”

“विचारलं मी त्याला. तो म्हणाला, बाकी सगळं मी त्यांच्या वतीने बोलतो, हे मात्र त्यांनाच विचारा.”

खात्रीसाहेब छत्री न घेता निघाले. लिफ्ट दार उघडून थांबली होती. आज ती काही बोलली नाही, आणि ते न बोलणं नमस्कारापेक्षा वाईट होतं. औषधाच्या दुकानातला पडदा ते पुढून जाईपर्यंत मंदावला, मग पुन्हा उजळला. चौकातला दिवा त्यांनी रस्त्यावर पाय ठेवायच्या आधीच बदलला, आणि चारही बाजूंच्या गाड्या थांबल्या. वाट करून द्यावी तशा. ते मधून एकटे चालत गेले.

लाँड्रीत वाफेचा वास होता. मागे अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला उघडं दार. खोलीत एक लांब टेबल, एक मशीन, दांडीला टांगलेले कपडे आणि बाकावर चार माणसं. टेबलामागे त्यांची बायको उभी होती. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचण्या, कानावर खडू. डावा पाय आखूड असलेला एक म्हातारा स्टुलावर उभा राहून तिला कुठल्याशा बंदरातली हकिगत सांगत होता. खात्रीसाहेब दारात आले तसं तिने वर पाहिलं, दचकली मात्र नाही.

“बसा,” ती म्हणाली. “नंबर येईल.”

ते बाकावर बसले. जहाजीची हकिगत संपली आणि ती हसली. टाचण्या हातात काढून घेऊन, टेबलाला धरून, पोटातून हसली. खात्रीसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली घातली, परक्या घराच्या खिडकीतून आत बघताना सापडल्यासारखी. त्यांच्या आधीचा एकेक जण उठत गेला. ती प्रत्येकाला एखाददुसरा प्रश्न विचारत होती, आणि माणसं कचेरीत तासभर बसवूनही जे सांगत नाहीत ते हात वर करून उभ्या उभ्या सांगत होती.

पाचला वीस कमी असताना खोली रिकामी झाली.

“अगं, पाच वाजता…”

“माहीत आहे. त्याने सांगितलं.” तिने टेबलावरच्या फोनकडे मान केली.

“तो तुला सगळं सांगतो?”

“विचारलं की सांगतो.”

“मग मला काही का नाही सांगितलं कोणी?”

“तुम्ही कुठे विचारलंत?”

खात्रीसाहेबांनी स्वतःला सावरलं. हातात काहीतरी असावं म्हणून त्यांनी टेबलावरचं रीळ उचललं. “हे बघ, मी तुला ओळखत नाही असं कसं होईल? दुपारी एक वाजता तू मला रोज विचारतेस, जेवलात का म्हणून. रोज. मी हो म्हणून कळवतो.”

“ते तो विचारतो.”

“कधीपासून?”

“झाली असतील पाच वर्षं. तुमचं ‘हो’ आलं की तो मला सांगत नाही. ‘नाही’ आलं तर सांग म्हटलंय.”

“माझं ‘नाही’ कधी आलंच नाही.”

“नाही ना,” ती म्हणाली.

लाँड्रीतलं यंत्र बंद पडल्यासारखं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. घड्याळात पाचला बारा कमी होते. खात्रीसाहेबांनी रीळ परत ठेवलं.

“एक वाक्य सांगायचंय फक्त. फोनवर. ‘हे मला ओळखतात.’ एकतीस वर्षांचा रकाना आहे गं.”

बायकोने ओठांतली शेवटची टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोवली. ती रागावलेली दिसत नव्हती. ती त्यांच्याकडे टेलर गिऱ्हाइकाकडे बघतो तशी बघत होती.

“सांगते,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात तर सांगते. तुमच्या रजिस्टरात खोटं लिहायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी कशाला ठरवू?”

तिने फोन त्यांच्याकडे सरकवला. खात्रीसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. पडदा उजळलेला होता, आणि एवढ्या दिवसांत त्यांना आता कळायला लागलं होतं, की हा उजेड म्हणजे कुणीतरी ऐकतंय. सहाशे बारांना त्यांनी दोन दोन मिनिटं तरी दिली होती. हिला चाळीस सेकंद, तेही चष्मा पुसण्यासकट.

“नको,” ते म्हणाले, आणि फोन परत सरकवला.

“नक्की?”

“नको. पडू दे शेरा.”

बायकोने गळ्यातली मोजपट्टी काढली. “स्टुलावर चढा.”

“कशाला?”

“चढा हो.”

ते चढले. ती मागे गेली. पट्टी एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत गेली, मग काखेतून छातीभोवती. तिने आकडे मोठ्याने म्हटले. त्यांना आपल्या शरीराचे आकडे असे कोणी ऐकवून वर्षं झाली होती.

“हा शर्ट दोन इंच मोठा आहे तुम्हाला.”

“कधीपासून?”

“तीन वर्षं तरी.”

“बोलली नाहीस कधी.”

“मला वाटलं, माहीत असेल तुम्हाला. हात वर करा.”

त्यांनी हात वर केले. तेवढ्यात टेबलावरचा फोन बोलला.

“अहो, पाच वाजले. शेरा पडला.”

खात्रीसाहेबांचे हात तसेच वर राहिले. तो त्यांच्या बायकोचा आवाज होता. सकाळी कप ठेवताना, संध्याकाळी दार उघडताना, जेवताना ‘बरं’ म्हणताना ते इतकी वर्षं जो ऐकत आले होते, हुबेहूब तो, शांत आणि विनातक्रार. बायको मात्र त्यांच्या पाठीशी होती आणि तिच्या ओठांत पुन्हा टाचण्या होत्या.

“हा तुझ्या आवाजात बोलतो?” त्यांनी विचारलं.

“घरचा आवाज आहे तो,” ती टाचण्यांमधून म्हणाली. तिचा हा आवाज जाड होता, थोडा घोगरा, आणि त्यात अजून जहाजीच्या हकिगतीचं हसू होतं. “नेमताना घरात जसं बोलता तसं बोला म्हणाले, म्हणून तसं बोलले.”

ती पुढे आली. टेबलाच्या खणातून तिने एक कोरं कार्ड काढलं, कानावरचा खडू बाजूला ठेवून पेन्सिल घेतली आणि वरच्या ओळीवर टेकवली.

“नाव?” तिने विचारलं.

खात्रीसाहेबांनी स्टुलावरून, हात वर ठेवूनच, आपलं पूर्ण नाव सांगितलं. तिने ते नीट लिहून घेतलं.